शेवळाची जुडी

मृगाच्या तोंडावर मुरबाडच्या बाजारात ठाकर-कातकरी बाया शेवळं घेऊन बसतात. सोबत मूठभर काकडं. ती आंबट फळं घातल्याशिवाय शेवळाची खाज मरत नाही, हे त्या न विचारता सांगतात. परवा एकीकडून मी दोन जुड्या घेतल्या. पैसे हातात पडताच ती उठली आणि कडेवरच्या पोरासाठी समोरच्या टपरीवरून बिस्किटाचा पुडा घेऊन आली. पोराचे केस विरळ, तांबूस. दंड माझ्या दोन बोटांच्या कडीत सहज मावला असता.

घरी सोडे घालून शेवळं झाली. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. मला तो पुडा दिसत राहिला.

त्या आईला कुणी आहारज्ञान शिकवायला जाऊ नये. कुर्डू, लोत, टाकळा, भारंगी यातलं काय कधी खुडायचं आणि कशात शिजवायचं, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण भाजी विकल्याशिवाय घरात तेल-मीठ येत नाही. वरकस जमिनीवरची नाचणी-वरई मागे पडत गेली आणि रेशनवर वर्षानुवर्षं आले ते तांदूळ आणि गहू. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम 10. पोट भरतं, हाडं उपाशी राहतात.

1992 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. 2015 पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. ही योजना मनापासून मोलाची वाटते. मात्र त्या ताटात त्याच गावच्या शेतातली नाचणी आणि त्याच रानातली भाजी, रास्त भाव देऊन घेतलेली, का असू नये? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात जपलं, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सत्कार झाला, छान झालं. ते बियाणं अंगणवाडीच्या पातेल्यापर्यंत पोचवणं हे आपलं, शासनाचं, राहिलेलं देणं आहे.

आणि घाई आहे. भाताची कापणी उरकली की यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. ती बाई गेली, तर दिवाळीनंतर त्या पोराचं नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असेल आणि पोर कुठल्याशा खाडीकाठी, विटांच्या राशीआड.