‘कधीही’ म्हणजे किती वाजता?

क्रूझचं बुकिंग करताना केबिन, खिडकी, पैसे असं सगळं ठरलं की एक साधा प्रश्न उरतो: रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी हवं की जमेल तेव्हा? ठरलेली वेळ घेतली तर रोज तेच टेबल, शेजारी तीच माणसं, वाढणाराही तोच. जुन्या जहाजांवर साधारण दोनच पंगती असायच्या. एक संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ आणलं आणि ही घडी मोडली. हवं तेव्हा या, हवं तिथे बसा. मग इतर मोठ्या कंपन्याही असा पर्याय देऊ लागल्या.

२०२१पासून कॉर्डेलियाचं जहाज मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाऊ लागलं आणि समुद्रापासून तीनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या आमच्या छत्रपती संभाजीनगरातही क्रूझ ही चहाच्या गप्पांमधली गोष्ट झाली. जेवणाच्या वेळेवर माझ्या वयाच्या मंडळींचं उत्तर तयार असतं: फ्लेक्सिबल. सुट्टीतसुद्धा घड्याळ कशाला?

फॉर्मवर हा प्रश्न आवडीनिवडीचा दिसतो, खिडकीची सीट की कडेची, तसा. मला मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो. का, ते सांगायला आधी थोडं इंजिनिअरिंग लागेल.

कुठल्याही व्यवस्थेत माणसं किंवा कामं अनिश्चित वेळी येत असतील, तर ती अनिश्चितता कुणाला तरी झेलावी लागते. झेलण्याचे मार्ग तीनच. माल आधीच तयार करून ठेवा. नाहीतर गरजेपेक्षा जास्त हात उभे ठेवा. नाहीतर येणाऱ्याला थांबवा. कारखाना असो, सर्व्हर असो की स्वयंपाकघर, चौथा मार्ग नाही. फ्लेक्सिबल जेवण म्हणजे अनिश्चितता नाहीशी होणं नव्हे. ती माझ्या ताटावरून उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकली जाते. शिवाय तिची मजा इतरांच्या वागण्यावर अवलंबून असते. सगळ्यांनाच ‘जमेल तेव्हा’ म्हणजे आठ वाजता जमलं, तर जहाजावरही दाराशी रांग लागते.

आता हे घरी लावून बघा. मी घरून काम करतो. क्लायंट अमेरिकेत असल्यामुळे त्यांची सकाळ म्हणजे नेमकी आपली जेवणाची वेळ. घरात कुणीच मला वेळेचं बंधन घालत नाही. आई फक्त एकच विचारते, “कधीही जेव रे, पण ‘कधीही’ म्हणजे किती वाजता?” ती काय विचारतेय ते वरच्या तीन मार्गांमध्ये बरोबर बसतं. भाजी-वरण करून झाकून ठेवता येतं. ज्वारीच्या भाकरीचं तसं नाही. तव्यावरून ताटात आली तर ती भाकरी, अर्ध्या तासाने तीच चामट. म्हणजे साठा करणं बाद. मग एक माणूस ओट्यापाशी मोकळं ठेवायचं. त्या माणसाला मालिका अर्धवट सोडावी लागते, फिरायला जाता येत नाही, आडवं होता येत नाही. माझ्या ‘कधीही’ची किंमत तिच्या संध्याकाळीतून वळती होते, आणि तिची नोंद कुठल्याच हिशेबात नसते.

खाणावळवाले हा हिशेब पक्का ओळखून असतात. औरंगपुऱ्यात, विद्यापीठाच्या आसपास, जिथे गावोगावहून मुलं शिकायला येऊन राहतात, तिथल्या मेसच्या भिंतीवर वेळा लिहिलेल्या असतात. रविवारी दुपारी गोडाचं जेवण, संध्याकाळी मेस बंद. नवीन आलेल्या पोराला हे जाचक वाटतं. पण ताट विद्यार्थ्याला परवडतं, त्यात या वेळांचा मोठा वाटा असतो. एका वेळी शंभर माणसं जेवणार हे माहीत असलं की पोळ्या किती लाटायच्या ते कळतं आणि अन्न वाया जात नाही. रविवारची संध्याकाळ पोळ्या लाटणाऱ्या मावशींची असते. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळीही सुरुवातीला दुपारी बारा ते दोन अशा ठरल्या वेळेतच मिळायची. स्वस्त आणि ताजं हवं असेल तर वेळ पाळावी लागते. वाटेल तेव्हा जेवायचं असेल तर त्याचे पैसे मोजावे लागतात. ते ग्राहकाने नाही मोजले, तर राबणारा स्वतःच्या वेळेतून भरतो.

ठरलेली वेळ म्हणजे मालकाची दडपशाही, असं वाटणाऱ्यांनी वाळूजकडे बघावं. बजाज ऑटोचा तिथला कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि पुढे आख्ख्या शहराचं जेवणाचं वेळापत्रक पाळ्यांप्रमाणे बदलत गेलं. त्या पाळ्यांमधली जेवणाची सुट्टी कुणाची मेहेरबानी नव्हती. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५५ने ठरवलं होतं की पाच तासांहून जास्त सलग काम करून घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन सक्तीचं करण्याची तरतूद कलम ४६मध्ये होती. घंटा झाली की मशीन थांबणार आणि सुपरवायझरलाही ती वेळ खाता येणार नाही. घड्याळ इथे कामगाराच्या बाजूने उभं होतं.

आमच्या आयटीत घंटा नसते. कधीही जेवा म्हणतात. हे स्वातंत्र्य ऐकायला छान आहे, पण माझी जेवणाची वेळ ठरलेली नसली की ती वेळ कुणीही मीटिंगसाठी मागू शकतं. कॅलेंडरवर एक वाजताची जागा रिकामी दिसते आणि तिथे कुणीतरी चौकोन टाकतं. नकार द्यायला माझ्याकडे कारण उरत नाही, कारण मी ‘नंतर जेवू शकतो’. मग लॅपटॉपसमोर, कॅमेरा बंद करून, घास घ्यायचा. ज्या वेळेला कुंपण नसतं, तिथे आधी शिरतो तो ताकदवान माणूसच.

शहरात रोज संध्याकाळी एक वेळ अशीही असते, जी माणसाने ठरवलेलीच नाही. चौविहार पाळणाऱ्या जैन घरांमध्ये सूर्यास्ताच्या आत जेवण आटोपतं. रमजानमध्ये त्याच सूर्यास्ताला रोजा सुटतो. म्हणजे शहागंजात एका घरात ताटं उचलली जातात आणि काही गल्ल्या पलीकडे खजूर हातात घेऊन माणसं बसलेली असतात. दोन्हीकडे बघायचं ते एकाच सूर्याकडे. मुंबईपेक्षा आपल्याकडे तो साधारण दहा मिनिटं आधी मावळतो, त्यामुळे तिथली वेळ इथे चालत नाही. वेळ कुणाच्याच हातात नसल्यामुळे इफ्तारला मालक आणि नोकर एकाच मिनिटाला पहिला घास घेतात. कुणी कुणाला ताटकळत ठेवत नाही, सगळे मिळून थांबतात.

पण म्हणून ठरलेल्या वेळेची पूजा करायलाही मी तयार नाही. आपल्या पंगतीचा इतिहास तितका गोड नाही. पंगत एकत्र बसायची, पण कुणाला घेऊन? पंक्तिभेदाने किती जणांना उंबऱ्याबाहेर ठेवलं! इथून जवळच्या पैठणात एकनाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना आधी वाढलं, अशी कथा सांगतात. ती इतकी वर्षं सांगितली जाते, कारण पंगतीचा नियम मोडणं किती अवघड होतं ते ऐकणाऱ्यांना माहीत होतं. घरातही आधी पुरुष, मग मुलं आणि उरलंसुरलं घेऊन शेवटी बायका. ही वेळसुद्धा ठरलेलीच होती. अनेकांच्या दृष्टीने बुफेची रांग हीच पहिली समतेची पंगत ठरली असेल: ताट घ्या, कुणी जात विचारत नाही, बाई आहात म्हणून कुणी थांबवत नाही. शिवाय घाटीत रात्रपाळी करणारी नर्स, दुसऱ्या पाळीहून बारा वाजता परतणारा कामगार, आपलं जेवण पोचवता पोचवता स्वतःचं राहून गेलेला डिलिव्हरीवाला, यांना ‘आठ वाजता या’ सांगणं हाही अन्यायच.

म्हणून लवचिक की ठरलेलं, यापेक्षा मला दोन प्रश्न जास्त उपयोगी वाटतात. वेळ कुणी ठरवली? आणि स्वयंपाक करणारं माणूस कधी जेवतं? वेळ सगळ्यांनी मिळून ठरवली असेल आणि रांधणाराही त्याच वेळी बसत असेल, तर ते बंधन मला मान्य आहे. वेळ मोकळी असेल आणि उशिरा येणारा स्वतःचं गरम करून, ताट घासून ठेवत असेल, तर ते स्वातंत्र्यही मान्य आहे. वाढणारा कायम उभा आणि जेवणारा कायम मोकळा, हे मात्र कुठल्याच नावाखाली मान्य नाही.

आमच्या घरी सध्या पावणेआठ ठरलंय. कॅलेंडरवर त्या वेळेला मी ‘जेवण’ असाच चौकोन टाकला आहे, ‘वैयक्तिक काम’ असा नाही. टीममध्ये दोघांनी विचारलं, मग त्यांनीही आपापले टाकले. भाकरी आळीपाळीने होतात. माझ्या गोल होत नाहीत, पण आई बसून खाते. ज्या दिवशी कॉल टळत नाही, त्या दिवशी दुपारीच सांगायचं आणि आपलं ताट आपण वाढून घ्यायचं.

क्रूझवर जाणाऱ्यांनी हवा तो पर्याय निवडावा. तिथे वाट बघण्याचे पैसे तिकिटात धरलेले असतात, आणि वाढणाऱ्याच्या पगारात ते किती पोचतात हा प्रश्न दोन्ही पर्यायांना लागू आहे. मात्र जहाजावरून परतल्यावरही आपलं ‘कधीही’ तसंच चालू राहणार असेल, तर इथे ते तिकीट कोण भरतंय, एवढं एकदा बघून घ्यावं.