सांध्यातील पट्टी

भेद हाच दुःखाचा उगम, असे मानण्याकडे आपल्या धर्मचिंतनाचा कल असला, तरी काँक्रीटच्या जलाशयात बुद्ध्याच राखलेला सांधा पाहिला, की मला भेद न पुसता ऐक्य सांगणाऱ्या रामानुजाचार्यांचे स्मरण होते. ३० मीटर लांबीची भिंत ३० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ९ मिलिमीटर लांबते वा आखडते. या हालचालीला मुभा नाकारली, तर ती तड्यातून आपली वाट काढतेच. म्हणून अशा हलत्या सांध्यात पाणी अडवायला मधोमध पोकळ नळी असलेली पीव्हीसीची पट्टी बसवतात: अर्धी आजच्या काँक्रीटमध्ये, अर्धी उद्याच्या, दोन्ही अंगांचे कंगोरे घट्ट धरून ठेवतात, आणि मधली नळी मोकळी राहून ताण सोसते. त्या नळीत खिळा ठोकणे हा मी अपराध मानतो. पट्टी कडेने तारेने सळ्यांना बांधावी, तिचे जोड उष्णतेने वितळवूनच सांधावेत, आणि ती आडवी असेल तेथे कड उचलून खाली काँक्रीट भरावे, कारण तेथली पोकळी पुढे कोणाच्याही नजरेस पडत नाही. कोणी पाहणार नाही, हे जाणून केलेली ही चोख तजवीज मला निष्काम कर्माचे निर्मळ रूप वाटते. मक्तेदाराने आणि देखरेख करणाऱ्याने ओतकामापूर्वी तेथे क्षणभर थांबावे. नंतर ही पट्टी बदलता येत नाही.