आरशाला लटकलेलं हेल्मेट

पावसाळ्यात इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडला पैनगंगा कोसळू लागली की बुलेटवाल्यांचे जथे येतात. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ, मध्ये सेल्फी! हौसेला मोल नसतं, येऊ द्या. पण मला खरा बायकर वाटतो तो किनवटच्या सागवानी जंगलातून तांड्या-पाड्यांवर रोज ये-जा करणारा. दुधाचे कॅन लटकवलेले, तरी कुणाची गाडी बंद दिसली की ओळखपाळख नसताना थांबतो, प्लग काढून पुसतो, बाटलीभर पेट्रोलही देतो.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र दोघंही सारखेच, ते आरशाला लटकलेलं! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ ते डोक्यावर मागतं. मागे बसलेल्या वहिनींच्याही.