कळ

मराठी भाषेने एका लहानशा शब्दात पुष्कळ सामान कोंबून ठेवले आहे. ठेच लागली की पायात कळ येते. भिंतीवरची कळ दाबली की दिवा लागतो. आणि एखादी गोष्ट नीट ध्यानात आली की आपण म्हणतो, 'कळली'. वेदना, यंत्र आणि ज्ञान या तिघांचे कूळ एक की वेगवेगळे, याचा निवाडा व्युत्पत्तिकारांनी करावा. मला त्यांचा शेजार पुरेसा आहे. कारण शास्त्रज्ञ आज माणसासाठी जो नवा हात घडवीत आहेत, त्याच्याविषयी वाचताना हे तिन्ही अर्थ एकदमच समोर येऊन उभे राहतात.

दिवाळीत हाताचा विषय काढणे अप्रस्तुत ठरू नये. हा सण तसा हातांचाच. पहाटे पाठीला उटणे चोळणारा हात, रांगोळीची चिमूट सोडणारा हात, सोऱ्या दाबणारा हात, भाऊबीजेला ओवाळणारा हात. आणि दर दिवाळीत कुठे ना कुठे एखादा हात फटाक्याने जायबंदी होतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. ज्या जिल्ह्याला २०२३ पर्यंत उस्मानाबाद म्हणत, त्या धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यात, तेरखेडा नावाचे गाव आहे. फटाक्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तिथल्या कारखान्यांत स्फोट झाल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात; आपण त्या वाचतो आणि पान उलटतो.

फटाक्याने गेलेल्या एका हाताची गोष्ट मात्र जगभर वाचली गेली. डेन्मार्कमधल्या एका गृहस्थाचा डावा हात शोभेच्या दारूने गेला होता. सुमारे नऊ वर्षांनी, २०१३ साली, रोममधल्या डॉक्टरांनी त्याच्या उरलेल्या हाताच्या मज्जातंतूंत केसासारखे बारीक असे चार इलेक्ट्रोड बसवले आणि ते एका यंत्राच्या हाताला जोडले. डोळे बांधलेले, कान बंद केलेले, आणि तरीही हातातली वस्तू कठीण आहे की मऊ, हे त्या गृहस्थाला सांगता आले! महिन्याभराने ते इलेक्ट्रोड काढून घ्यावे लागले, कारण प्रयोगाची मुदत तेवढीच होती. नऊ वर्षांनी आलेला स्पर्श पाहुण्यासारखा महिनाभर राहिला आणि गेला.

त्यापुढची पायरी अमेरिकेत पिट्सबर्ग येथे गाठली गेली. मोटार अपघातात मानेखाली जवळजवळ लुळा झालेल्या नेथन कोपलंड या तरुणाच्या मेंदूतच इलेक्ट्रोड ठेवले गेले: काही हालचालीच्या भागात, काही स्पर्शाच्या भागात. त्याने मनात आणावे आणि शेजारचा यंत्राचा हात हलावा. त्या हाताच्या बोटांना कुणी स्पर्श करावा आणि तो कोपलंडला स्वतःच्या बोटांत जाणवावा. २०१६ च्या ऑक्टोबरात त्याने याच हाताने अध्यक्ष ओबामांशी मूठ भिडवली.

हे घडते कसे? आपण समजतो, हात गेला म्हणजे हाताचे सारेच गेले. तसे नसते. मेंदूत आपल्या देहाचा एक नकाशा असतो, आणि हात तुटला तरी नकाशातले गाव ओस पडून का होईना, जागेवर असते. म्हणून तर हात तुटलेल्यांना नसलेल्या बोटांना खाज सुटते, नसलेली मूठ आवळल्यासारखी दुखते. नवे शास्त्र एवढेच करते, की त्या ओस पडलेल्या गावाला पुन्हा एक वाट काढून देते.

आता खरा प्रश्न येतो. या वाटेवरून काय काय येऊ द्यायचे? लेकराच्या गालाचा मऊपणा यावा, मडक्याचा गारवा यावा, याबद्दल कुणाचे दुमत नाही. पण विस्तवाचा चटका? काट्याची कळ? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, मुंबईच्या आयआयटीतून शिकून गेलेले नितीश ठाकोर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली यंत्रहाताच्या बोटांवर चढवण्याची एक कृत्रिम त्वचा प्रसिद्ध केली. ती गोल वस्तू आणि टोकदार वस्तू यांतला फरक ओळखते, आणि टोक बोचले तर वेदनेचा संदेशही पाठवते. एकदा हात गमावून बसलेल्या माणसाला आपण पुन्हा वेदना विकत द्यावी, हा काय न्याय? असे कुणीही विचारील. मीही विचारले असते. पण वेल्लोरची हकीकत आड येते.

डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातांवर काम करू लागले. या रोग्यांची बोटे आपोआप झडून जातात, असा तेव्हाचा समज. ब्रँडना दिसले ते निराळेच. रोगाने स्पर्श मारला होता. बोटे मात्र गमावली जात होती ती चटक्यांनी, जखमांनी, रात्री झोपेत कुरतडून जाणाऱ्या उंदरांनी. दुखत नव्हते, म्हणून रोगी हात मागे घेत नव्हते. वेदना हा हाताचा शत्रू नव्हता, पहारेकरी होता.

पुढे अमेरिकेत ब्रँड आणि सहकाऱ्यांनी अशा रोग्यांसाठी कृत्रिम वेदनेची यंत्रणा बनवण्याचा खटाटोप केला. हातमोज्यात दाब मोजण्याची सोय. दाब वाढला की इशाऱ्याचा आवाज. रोग्यांनी आवाजाकडे दुर्लक्ष केले. मग आवाजाऐवजी, देहाच्या ज्या भागाला संवेदना शिल्लक होती तिथे, विजेचा झटका. तेव्हा असे झाले, की एखाद्याला घट्ट बसलेला बोल्ट फिरवायचा असला, की तो आधी यंत्रणेची कळ बंद करी, बोल्ट फिरवी, आणि मग ती पुन्हा चालू करी! अखेर हा प्रयत्न सोडून द्यावा लागला. जी बंद करता येते ती कळ नव्हेच, हा त्यातला धडा. एका अर्थाची कळ दुसऱ्या अर्थाच्या कळीला मारते, आणि त्या दोघींच्या भांडणात तिसरी, म्हणजे कळणे, तीही जाते.

तेरखेडा ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, तेर नावाचे प्राचीन गाव आहे. परदेशी व्यापाऱ्यांना ते तगर या नावाने ठाऊक होते. आपल्याला ते गोरोबाकाकांमुळे ठाऊक. गोरा कुंभार म्हणजे हातांनी जाणणारा संत. संतमंडळींत कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे त्यांनी थापटण्याने ठोकून पाहिले, ही कथा लहान मुलांनाही येते. त्यांची दुसरी कथा अधिक दारुण आहे आणि महिपतीने 'भक्तविजया'त ती सांगितली आहे. विठ्ठलनामात दंग होऊन काका चिखल तुडवीत होते. रांगते मूल पायांखाली आले. आणि त्यांना कळले नाही.

या कथेत आपण भक्तीची तल्लीनता पाहतो, आणि ती आहेच. पण त्या पायांकडेही जरा पाहावे. ते काही लाकडाचे नव्हते. कातडी शाबूत, मज्जातंतू शाबूत. त्यांना मूल लागलेच असेल. कळले मात्र नाही, कारण घरात कुणी नव्हते. स्पर्श दारापर्यंत येतो. दार उघडायला मन लागते. पुढे निजेत हातांनी शपथ मोडली म्हणून काकांनी ते हात तोडले, आणि पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवताना त्यांना पुन्हा हात फुटले. मला या कथेतले सर्वांत मोठे वाटते ते हे, की ती हातांवर संपत नाही. गेलेले मूलही रांगत परत येते. हात आले आणि मूल आले नाही, तर आईच्या दृष्टीने तो चमत्कार कसला?

शास्त्र हात परत देईल, याविषयी मला शंका नाही. तो लवकर यावा आणि श्रीमंतांपुरता राहू नये. पुण्यात १९४४ साली सैनिकांसाठी कृत्रिम अवयवांचे केंद्र निघाले. १९६८ पासून जयपूरच्या पायाने अनेकांना पुन्हा शेतात नेले. त्या अवयवांना काही जाणवत नव्हते, तरी त्यांनी माणसांना उभे केले. मळणी यंत्रात हात गेलेल्या शेतकऱ्याला आधी पकड हवी आहे. स्पर्शाची चर्चा त्याला नंतर परवडेल. आणि त्याच्या नव्या हाताला वेदना बंद करण्याची कळ असावी की नसावी, हे त्यानेच ठरवावे. त्याने पुरेसे सोसले आहे. दुखण्याचे महत्त्व त्याला पटवून देण्याचा अधिकार धडधाकट माणसाला नाही. हाताची राखण कशी करायची हे त्याला सांगावे, वेल्लोरची हकीकत सांगावी, आणि मग कळ त्याच्या स्वाधीन करावी.

प्रश्न उरतो तो आपला, ज्यांचे दोन्ही हात आईच्या पोटातून आले आहेत. आपल्या हातांना अशी कळ कुणी बसवलेली नाही, तरी आपण ती सराईतपणे दाबतो. बोल्ट फिरवायचा असला की संवेदना बंद; काम झाले की चालू. कुष्ठरोग्याला दूर बसवताना ती बंद होती. माणसाचा विटाळ मानताना ती शतकानुशतके बंद होती. तेरखेड्याची बातमी वाचून पान उलटताना ती बंद असते. हे ब्रँडच्या रोग्यांचेच वर्तन आहे. फरक एवढाच, की त्यांच्या बाबतीत जखम त्यांच्या स्वतःच्या हाताला होत होती, आणि आपल्या बाबतीत ती दुसऱ्या कुणाला होते.

मराठीत त्या कुटुंबातलाच वाटावा असा आणखी एक शब्द आहे: कळवळा. दुसऱ्याच्या हातातली कळ आपल्या हाताला येणे, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी इलेक्ट्रोड लागत नाही, आणि कुठल्या प्रयोगशाळेला तो बसवूनही देता येणार नाही. यंदा मुलांच्या हाती फुलबाजी देताना, ती वळणारे हात कुणाचे असतील, एवढे त्यांना सांगून पाहावे. मुले असे प्रश्न लगेच विचारू लागतात. त्यांची कळ अजून कुणी बंद केलेली नसते.