अनुभव खरा, पण त्यावरून ठरवावं काय?

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

वाखरीच्या रिंगणात माउलींचा अश्व धावून जातो, वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. अशा वेळी एखाद्याला वाटतं, प्रत्यक्ष माउलींनी पाठीवर हात ठेवला. शेजारचा म्हणतो, ‘अहो, उन्हाचा ताण आहे हा.’ मग असा अनुभव प्रमाण मानावा, की भ्रम?

न्यायशास्त्रात साधा दाखला आहे. दूर डोंगरावर धुकं दिसतं. पाहणारा त्याला धूर समजतो आणि ‘तिथं अग्नी आहे’ असं ठरवतो. काही दिसलं हे खोटं नाही; त्यावरून ठरवलं ते चुकलं. अनुभव निराळा आणि त्यावरून काढलेलं अनुमान निराळं.

नामदेवरायांचं चरित्र आठवा. पांडुरंग त्यांच्या हातचा नैवेद्य जेवला, त्यांच्याशी बोलला. तरीही तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी ठोकून पाहिली, तेव्हा मडकं कच्चं ठरलं ते नामदेवरायांचंच! त्यांचं दर्शन खोटं, असं काका म्हणाले नाहीत. ‘देव इथंच, आणि माझाच’ हे अनुमान कच्चं होतं. पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांचे पाय ठेवावेत तिथे पिंडी दिसू लागली, तेव्हा ते गळालं.

तुकोबारायांना गुरुमंत्र स्वप्नात मिळाला. कवित्वाची आज्ञाही स्वप्नातच झाली. स्वप्नाला साक्षीदार कुठून आणणार? पण त्या आज्ञेचं फळ म्हणजे गाथा, ती सर्वांपुढे आहे.

शास्त्रप्रतीती, गुरुप्रतीती आणि आत्मप्रतीती या तिन्ही जुळाव्यात, असं संत सांगतात. आत्मप्रतीती नसेल तर उरते पोपटपंची. ती एकटीच धरली, तर कोणीही उठून ‘मला साक्षात्कार झाला’ म्हणेल आणि भोळ्या माणसांच्या गळ्यात आपल्या नावाचा गंडा बांधील. अशी फसलेली घरं आपण पाहतोच ना!

तेव्हा पाठीवरचा तो हात हसण्यावारी नेऊ नका, त्याचा डंकाही पिटू नका. त्यानं आपलं नाम वाढलं का, घरातला राग कमी झाला का, एवढं पाहा. दुसऱ्यानं तो मानलाच पाहिजे, हा हट्ट नको.

देव माझाच म्हणणारे नामदेवराय शेवटी महाद्वाराची पायरी झाले. त्यांचा अनुभव पक्का झाल्याची खूण याहून वेगळी काय हवी?

रामकृष्णहरि.