मजुराचा धनी कोण?

एखादी इमारत उभी राहिली म्हणजे ती कोणी बांधली असें विचारल्यास लोक पैसे घालणाऱ्याचें नांव घेतात. परंतु तिच्या परांचीवरून एखादा बिगारी पडला, तर तो कोणाचा माणूस, असें विचारतांच प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. मालक म्हणतो, काम ठेकेदारास दिलें. ठेकेदार म्हणतो, मजूर मुकादमानें आणले. आणि मुकादम म्हणतो, मी तर केवळ माणसें जमविणारा. घमेलें वाहणाऱ्या बाईस काम सांगणारे तीन धनी असतात, पण तिच्याविषयीं जबाब देणारा एकही नसतो. तर मग, वाचकहो, मजुराचा खरा धनी कोण? ज्यानें त्यास बोलाविलें तो, कीं ज्याच्यासाठीं तो राबला तो? आपल्या गांवचीं पुष्कळ माणसें उचल घेऊन शहरांत बांधकामावर जातात, आणि आपल्यांपैकीं कित्येक जण स्वतः घरें बांधवितात. म्हणून हा प्रश्न दोन्ही बाजूंनीं आपलाच आहे.

१९८२ सालीं दिल्ली येथें आशियाई क्रीडासामने भरले. त्यांसाठीं क्रीडांगणें, पूल इत्यादि बांधण्याचें काम चाललें असतां किमान मजुरी दिवसास ९ रुपये २५ पैसे ठरलेली होती. ठेकेदार ती जमादारांच्या हातीं देत. जमादार दर मजुरामागें रोज एक रुपया दलाली कापून घेत, व मजुराच्या पदरांत ८ रुपये २५ पैसे पडत. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत न्यायमूर्ति पी. एन. भगवती यांनीं निकाल दिला, त्यांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. एक ही, कीं किमान मजुरीहून कमी देऊन काम करवून घेणें ही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें मना केलेली वेठच होय. कारण माणसावर जुलूम केवळ चाबकानें होत नाहीं, भुकेनेंही होतो. दुसरी ही, कीं ज्या सरकारी खात्यांचें तें काम होतें, त्यांस ठेकेदाराकडे बोट दाखवून मोकळें होतां येत नाहीं.

हेंच तत्त्व १९७० च्या ठेका कामगार कायद्यांत होतें. ठेकेदारानें मजुरी बुडविली, तर मूळ मालकानें ती भरावी व मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. ता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या नव्या कामगार संहितांतही तें कायम आहे. शिवाय प्रत्येक कामगारास नेमणुकीचें पत्र देण्याचा नियमही त्यांत आहे. १९९६ सालापासून बांधकामाच्या खर्चावर शेंकडा एक रुपया उपकर घेऊन कामगारांच्या कल्याणासाठीं निधि उभारण्याची व्यवस्था झाली. १८ ते ६० वर्षें वयाच्या ज्या कामगारानें मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकाम केलें असेल, त्याचें नांव तींत नोंदवितां येतें. यामुळें मजुरी ही धन्याची मेहेरबानी न राहतां मजुराचा हक्क ठरते. परंतु हजेरीपटावर नांवच नसेल, तर हे ९० दिवस सिद्ध कसे व्हावे? नांव न लिहिणें हीही एक चोरीच होय, असें आम्हांस वाटतें.

यावर कोणी म्हणेल, "तो राजीखुशीनें आला, ठरलें तें दिलें, आणि उचल घेऊन पळणारे मजूर नाहींत काय?" आहेत, आणि घेतलेली उचल फेडणें हें मजुराचें कर्तव्यच आहे. तथापि घरीं चूल पेटत नसतां दिलेला रुकार मोकळ्या मनाचा मानूं नये. एकाच्या लबाडीमुळें दुसऱ्याची मजुरी कापणें हा न्यायही नव्हे.

आतां कायद्याची सीमा पाहा. १९७० च्या कायद्यास २० ठेका मजूर पुरत. नव्या संहितेंत ५० लागतात. दहांहून कमी मजुरांचें बांधकाम, तसेंच ५० लाख रुपयांपर्यंतचें स्वतःच्या राहण्याचें घर, हीं बांधकामाच्या खास नियमांतून वगळलीं आहेत. म्हणजे आपल्या खेड्यांतील बहुतेक घरें त्या नियमांबाहेर पडलीं. तेथें परांची पाहावयास कोणी निरीक्षक येणार नाहीं. पण घर लहान म्हणून गवंड्याचें हाड कमी मोडतें काय? मोशेच्या नियमशास्त्रांत मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं देण्याची आज्ञा आहे. ती किती मजूर असल्यास पाळावी, अशी संख्या तींत घातलेली नाहीं.

म्हणून जो घर बांधवितो त्यानें मजुरी आधीं ठरवावी. मुकादम मध्यें असला तरी ती ज्याची त्याच्या हातीं पडते कीं नाहीं हें स्वतः पाहावें. बाईची मजुरी तिच्या नवऱ्याच्या हातीं न देतां तिलाच द्यावी. परांचीचे बांबू व दोर तपासल्यावांचून कोणास वर चढवूं नये. आणि कोणी जखमी झाल्यास त्याच्या औषधपाण्याचा भार उचलावा. शहरीं जाणाऱ्यांनीं नेमणुकीचें पत्र मागावें व आपली हजेरी रोजच्या रोज वहींत लिहावी. ज्यांस लिहितां येत नाहीं, त्यांस ती वही घालून देणें व मंडळाचा अर्ज भरून देणें हें काम मंडळींतील शिकलेल्या भावाबहिणींनीं आपलें समजावें. येत्या हंगामांत माणसें गांव सोडण्यापूर्वींच तें हातीं घ्यावें, अशी आमची विनंती आहे.