इथ्रो कोणाला घेऊन आला होता

निर्गमाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय म्हणजे ख्रिस्ती नेतृत्वाच्या शिबिरांचा हक्काचा अध्याय. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि त्याला समजावतो की या रीतीने तूही झिजशील आणि लोकांचेही हाल होतील. मग तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सुचवतो. बेंगळुरूत हा अध्याय फळ्यावर चौकटी आणि बाण काढून शिकवलेला मी अनेकदा पाहिला आहे. इथल्या चर्च कमिटीतली बरीच मंडळी आठवडाभर कुठल्यातरी कंपनीत टीम सांभाळतात. शनिवारी शिबिराला बसल्यावर त्यांना इथ्रो लगेच ओळखीचा वाटतो. त्यात गैर काहीच नाही. यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनीही सात माणसे निवडून त्यांच्यावर ते काम सोपवले. कामाची वाटणी ही शास्त्राला धरूनच आहे.

पण अध्यायाची सुरुवात कोणी वाचत नाही. इथ्रो काही सल्ला द्यायला आला नव्हता. मोशेने माहेरी पाठवून दिलेली आपली मुलगी सिप्पोरा आणि गेर्षोम व अलियेजर हे दोन नातू यांना घेऊन तो रानातल्या तळावर आला होता. मोशेने तिला कधी आणि का माघारी पाठवले, हे शास्त्र सांगत नाही. दोन्ही मुलांच्या नावांचे अर्थ मात्र तिथेच दिले आहेत, आणि दोन्हींत बापाचीच कहाणी आहे: एकात परमुलखातले उपरेपण, दुसऱ्यात फारोच्या तलवारीपासून झालेली सुटका. ती मुले आता आजोबांचे बोट धरून बापाकडे निघाली आहेत. इथ्रो आधी निरोप धाडतो, त्यातही मुलीचा आणि नातवांचा आवर्जून उल्लेख करतो. मोशे सामोरा जातो, सासऱ्याला नमन करतो, त्याचे चुंबन घेतो, दोघे एकमेकांची खुशाली विचारतात आणि तंबूत जातात. मिसर देशातून कसे सुटलो, वाटेत काय काय सोसले, देवाने कसे तारले, हे सगळे मोशे त्याला सांगतो. मग यज्ञ होतो, वडील मंडळींसह भोजन होते. या साऱ्या मजकुरात मोशे सिप्पोरेशी बोलल्याचा एक शब्दही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो लोकांचा न्याय करायला बसतो आणि दिवस मावळेपर्यंत उठत नाही.

इथ्रोने बोलायला तोंड उघडले ते हे पाहिल्यावर. त्या वेळी त्याच्या मनात मुलगी असणार, असे मला वाटते. शास्त्रात तसे लिहिलेले नाही. हे माझे वाचन आहे. पण सगळ्या इस्राएलाचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्या माणसाला, कालच आलेल्या बायकोमुलांसाठी आज सवड नाही, हे मुलीच्या बापाच्या नजरेतून कसे सुटेल? फळ्यावरच्या चौकटींत सिप्पोरेला जागा नसते. तिला जागा दिली की या अध्यायातला प्रश्न बदलतो. मोशेच्या कामाचा भार कसा कमी करावा, हा प्रश्न उरतोच. पण त्याच्या आधी, कोणाचे ऐकायचे राहून गेले, असा प्रश्न उभा राहतो.

बेंगळुरूत या प्रश्नाला विशेष वजन आहे. देशभरच्या मंडळ्यांचे पाळक घडवणारे हे शहर. युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज इथे १९१० पासून आहे. मल्लेश्वरमला सेंट पीटर्स सेमिनरी, होसूर रोडला धर्माराम, कोथनूरला सायॅक्स. शिवाय बायबल कॉलेजे आणि मिशन संस्थांची कार्यालये आहेतच. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालयही इथल्या महात्मा गांधी रोडवर आहे. नगर, जालना किंवा सोलापूरकडच्या ख्रिस्ती घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला जे पवित्र शास्त्र उघडले जाते, त्याच्या पहिल्या पानावर बहुधा याच शहराचा पत्ता असतो. इथे नेतृत्वाचा जो अर्थ शिकवला जाईल, तो दोनचार वर्षांत एखाद्या खेड्यातल्या पाळकाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो.

घर आणि पुढारीपण यांचा सांधा बायबलने कुठेही सोपा करून ठेवलेला नाही. एलीला मुलांची दुष्कृत्ये कळली होती, पण त्याने त्यांना आवरले नाही. त्याच घरात वाढलेल्या शमुवेलाच्या कानावर एलीच्या घराण्यावरचा कोप बालपणीच पडला. तरी म्हातारपणी त्याचे स्वतःचे मुलगे योएल आणि अबीया लाच खाऊ लागले आणि त्यांच्याकडे बोट दाखवूनच लोकांनी राजा मागितला. सर्वांत वेदनेची गोष्ट दावीदाची. त्याची मुलगी तामार हिच्यावर त्याच्याच मुलाने, अम्नोनाने, अत्याचार केला. दावीद संतापला, आणि तेवढेच. त्याने ना मुलीला जवळ घेतल्याचे लिहिले आहे, ना मुलाला जाब विचारल्याचे. दोन वर्षे गेली आणि तामारेचा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला ठार मारले. मग तीन वर्षे तो परागंदा होता. परत आणल्यावरही त्याने यरुशलेमेत दोन वर्षे काढली ती बापाचे तोंड न पाहता. आणि त्यानंतर हा मुलगा काय करतो? पहाटे उठून वेशीजवळ उभा राहतो, फिर्याद घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला थांबवतो, त्याचे म्हणणे खरे असल्याचे सांगतो आणि वर हेही सांगतो की राजाच्या दरबारी तुझे ऐकून घेणारा कोणी नाही. ज्याच्या बहिणीची फिर्याद घरात कोणी ऐकली नाही, त्याने सगळ्या राज्यालाच तसे सांगावे, यात त्याचा कावा होता खराच. पण तो कावा चालला, कारण त्यात त्याच्या घरचे एक सत्य होते.

पौलाने तीमथ्याला लिहिलेली अट सर्वांना ठाऊक असते: ज्याला स्वतःचे घर चालवता येत नाही, तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार? हे वचन आपल्याकडे फार वाईट रीतीने राबवले गेले आहे. पाळकाची मुले पहिल्या बाकावर इस्त्रीचे कपडे घालून बसली पाहिजेत, मुलीचे लग्न मंडळीला पसंत पडेल असेच झाले पाहिजे, मुलाने दहावीत नाव काढले पाहिजे. कारण ती सगळी बापाच्या नेतृत्वाची प्रमाणपत्रे. अशा घरात मूल काही बोलायचे म्हटले, तर त्याच्या बोलण्याने बापाची नोकरी धोक्यात येते. मग ते गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्यालाच आपण शिस्त समजतो. पौलाला हे अभिप्रेत असेल असे मला वाटत नाही. अध्यक्ष सौम्य असावा, भांडखोर नसावा, आतिथ्य करणारा असावा, अशी यादी देता देता तो घरावर येतो. कारण माणूस सौम्य आहे की नाही, याची साक्ष देणारी माणसे घरातच असतात. घर हे साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला बोलता आले पाहिजे.

असा एक साक्षीदार मराठी ख्रिस्ती मंडळीला लाभला, हे आपले भाग्य. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागांनी प्रसिद्ध झाली. वाङ्मय म्हणून तिची थोरवी सर्वमान्य आहे. मी ती एका ख्रिस्ती पुढाऱ्याच्या घराने दिलेली जबानी म्हणून वाचतो. तिचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. पुढे ते अमेरिकन मराठी मिशनचे पाळक, अभंगकार आणि ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. त्यांचे अभंग आजही उपासनेत गायिले जातात. एवढ्या मोठ्या माणसाबद्दल त्याची पत्नी लिहिते तेव्हा त्याचा तापट स्वभाव लपवत नाही, त्याचे घर सोडून कुठेही निघून जाणे लपवत नाही, हातचा पैसा दुसऱ्याला देऊन संसार कोरडा ठेवणेही लपवत नाही. तरीही पानापानांतून तिचे त्यांच्यावरचे प्रेम ओसंडत राहते. ही दोन्ही एका पुस्तकात नांदू शकली, कारण त्या घरात तिला बोलायची सवय होती. अकराबारा वर्षांची, अक्षरओळख नसलेली मुलगी त्या घरात आली, नवऱ्याकडून लिहायला शिकली आणि त्याच्याविषयी लिहूनही गेली.

बाप्तिस्म्याने टिळकांनी बायकोला जे दुःख दिले, ते अपार होते. ती मुलाला घेऊन पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिली. त्या काळात ती वेडी होईल, जीव देईल अशी धास्ती घरच्यांना वाटत असे. बाप्तिस्म्याच्या निर्णयात तिला विचारले गेले नव्हते, आणि ख्रिस्ताच्या हाकेला ओ देणाऱ्या पुरुषाच्या बाजूने कितीही बोलले तरी ही गोष्ट पुसली जात नाही. ख्रिस्ताने आईबाप, बायकोमुले यांच्यापेक्षाही मला अधिक माना असे सांगितले आहे, आणि टिळकांनी ते अक्षरशः घेतले. पण त्यानंतर त्यांनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे आल्या तेव्हा ख्रिस्ती होण्याची सक्ती त्यांनी केली नाही. ख्रिस्ती माणसाच्या संसारात बाईचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. मिशनच्या लोकांनी काय म्हटले असेल, याची कल्पना करता येते. स्वतःचे घर चालवता येत नाही, याचा याहून उघड पुरावा कोणता? टिळकांनी हा पुरावा सर्वांना दिसू दिला. लक्ष्मीबाईंनी जातिभेद सोडला तो स्वतःच्या विचाराने, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. बायको आपल्या विश्वासात यावी ही तळमळ असूनही तिच्या विवेकबुद्धीच्या उंबरठ्याबाहेर थांबून राहणे, हे त्या तापट माणसाला जमले. त्यांच्या एकूण सेवाकार्यात मी याला त्यांच्या अभंगांच्या बरोबरीने स्थान देतो.

पुढे त्या घरात अनाथ मुले आली, बालकवी ठोंबरे येऊन राहिले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला: बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, सर्व ख्रिस्तभक्तांसाठी. पाणी वेगळे ठेवणाऱ्या बायकोबरोबर एका घरात राहिलेल्या माणसाला ही कल्पना सुचावी, याचे मला आश्चर्य वाटत नाही. ९ मे १९१९ ला ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यातले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंचेच आहेत.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत घरच्यांचे ऐकण्याचा हा प्रश्न अधिक अवघड होतो. त्यांचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला संस्कृत शिकवण्याचा हट्ट धरून रानात आश्रम करून राहिले होते. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्या आईनेच. पुरुषाने घरातल्या बाईला बोलते केले की पुढच्या पिढीत काय घडते, त्याचे याहून मोठे उदाहरण माझ्यापाशी नाही. पण स्वतः रमाबाईंची लेक मनोरमा पाचसहा वर्षांची असताना त्यांनी तिला अमेरिकेतून इंग्लंडला, वाँटेजच्या सिस्टरांकडे परत पाठवले आणि स्वतः विधवांच्या शाळेसाठी अमेरिकाभर व्याख्याने देत फिरल्या. लेकीच्या धर्मशिक्षणात मात्र त्यांनी सिस्टरांना मनमानी करू दिली नाही. त्या पत्रव्यवहारात आई लेकीच्या बाजूने वाघिणीसारखी उभी आहे. मनोरमाबाई मोठ्या होऊन आईच्या कामात आल्या, त्यांनी आईची शाळा, शारदा सदन, सांभाळली, गुलबर्ग्याला शाळा काढली आणि १९२१ मध्ये आईच्या आधी गेल्या. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. हाती घेतलेले बायबलचे भाषांतर त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. आईच्या कामासाठी लेकीच्या बालपणाला किती किंमत मोजावी लागली, याचा हिशेब मी मांडू शकत नाही. केडगावला रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलींसमोर तर नाहीच नाही. मनोरमाबाईंनी स्मृतिचित्रे लिहिली नाहीत. लिहिली असती तर आपल्याला रमाबाई अधिक खऱ्या दिसल्या असत्या, आणि मला खात्री आहे की लहान झाल्या नसत्या.

येशूने कुर्बानाचा दाखला परूश्यांना दिला, तो अशा वेळी आठवावा लागतो. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे जाहीर केले की मग त्यांच्यासाठी काही करायची गरज नाही, या धार्मिक पळवाटेवर तो कडाडून बोलला आहे. आपल्या मंडळ्यांतही असा कुर्बान आहे. पाळक दौऱ्यावर, पाळक उपवास-प्रार्थनेला, पाळक कन्व्हेन्शनला. आणि घरी बारावीच्या परीक्षेला बसलेली मुलगी. ‘पपा प्रभूच्या कामाला गेलेत’ हे वाक्य तिच्यापुढे ठेवले की तिला तक्रारीला जागाच उरत नाही, कारण तक्रार कोणाविरुद्ध करायची? बेंगळुरूत याची दुसरी तऱ्हा आहे. वडील म्हणून निवडलेला माणूस दिवसभर ऑफिस, रात्री अमेरिकेचा कॉल, शनिवारी नेतृत्वाचे शिबिर आणि रविवारी दोन उपासना. बायकोला शेवटचे निवांत कधी भेटला, हे त्याला कोणी विचारत नाही. पण शिबिराच्या शेवटी इफिसकरांच्या पाचव्या अध्यायावर पतिपत्नींसाठी एक तासाचे सत्र असते. तिथे वाचन बाविसाव्या वचनापासून सुरू होते. एकविसावे वचन, ज्यात सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावे असे म्हटले आहे, ते अलीकडेच राहते.

माझी सेमिनरींना विनंती आहे की त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ अभ्यासक्रमात लावावी. मराठी न येणाऱ्यांची अडचण नाही. शांता गोखले यांचे इंग्रजी भाषांतर २०१७ पासून उपलब्ध आहे. आणि मंडळ्यांना विनंती आहे की पाळकाच्या नेमणुकीच्या वेळी त्याच्या पत्नीला पेटी वाजवता येते का, संडे स्कूल घेता येईल का, एवढ्यावर थांबू नये. त्याला स्वतःलाच विचारावे: तुमच्या घरात शेवटचा निर्णय तुमच्या मताविरुद्ध कधी झाला, तो कोणाच्या सांगण्यावरून झाला, आणि त्यानंतर तुम्ही कसे वागलात?